पाणी पिताना काय बघायचं?

ताई, मी पुण्यात प्रॉडक्ट डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे, गाव यावल तालुक्यात. प्रोजेक्ट असा आहे की लोकांची एखादी सामाजिक सवय अभ्यासायची आणि त्यातून डिझाइनची आयडिया काढायची. मी उन्हाळ्यातल्या पाणपोया घेतल्या. गूगल फॉर्म करून ग्रुपवर टाकला, बरीच उत्तरं आली, जवळपास सगळ्यांनी ‘स्वच्छता हवी’ असंच लिहिलं, म्हणून मी सेन्सरचा नळ आणि सोलर पॅनलवालं स्टीलचं युनिट काढलं. सर म्हणाले यात माणसं कुठंयत, जा, नीट बघून ये. आता सुट्टीत घरी आलेय. बाजारात वही घेऊन उभी राहिले की सगळे माझ्याकडेच बघतात, एक आजी म्हणाली ‘कोनाची व तू, काय लिहू राह्यली?’, काही जण योजनेचा फॉर्म समजून आधार कार्ड काढतात. आपल्याच माणसांवर पाळत ठेवल्यासारखं वाटतं. आणि बघितलेल्यातून आयडिया कशी निघते तेही कळत नाही. घरचे म्हणतात, पाणी पिताना काय बघायचं असतं? जुलैत ज्यूरी, म्हणजे परीक्षकांसमोर प्रोजेक्ट मांडणं, आहे.
– गोंधळलेली, यावल तालुका

अगं, घरच्यांच्या प्रश्नापासूनच सुरू करू, तुझ्या फॉर्ममधल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा तो चांगलाय. पाणी पिताना काय बघायचं? तर माणूस पाणपोईशी आल्यावर पहिल्यांदा काय करतो ते बघ. आपल्याकडे बहुतेक जण ग्लास घेऊन सरळ भरत नाहीत, आधी घोटभर पाणी घेऊन विसळतात आणि ते फेकतात, समोरच्याने आत्ता विसळलेला असला तरी पुन्हा विसळतात, मग मान वर करून ओठ न लावता पितात आणि त्यातलं थोडं शर्टावर जातंच. कोणी ग्लासाला हात न लावता ओंजळ धरतं आणि दुसऱ्याला ओतायला सांगतं. कोणी बाटली काढून भरून घेतं. कोणी पीतच नाही, नुसता रुमाल भिजवून डोक्यावर टाकतं आणि चालू पडतं. आणि काही जण दहा पावलांवर सावलीत उभे असतात, घसा कोरडा पडलेला दिसतो, तरी येत नाहीत. ही शेवटची माणसं तुझ्या फॉर्ममध्ये कुठे होती?

फॉर्म वाईट नसतो, पण तो गेला कुणाकडे? वर्गातली मुलं, चुलत-मावस भावंडं, कुणाच्या तरी ऑफिसचा ग्रुप, म्हणजे ज्यांच्या बॅगेत बाटली असतेच आणि रांजणातलं पाणी शेवटचं कधी प्यायलं ते ज्यांना आठवणारही नाही अशी मंडळी. शिवाय ‘काय हवं’ असं विचारल्यावर कोण माणूस लिहिणारे की मला घाण चालते? लोक खोटं बोलतात असं नाही हं, आपण जसे असायला हवेत असं वाटतं तसं सांगतो आणि वागतो मात्र सवयीने. विल्यम व्हाइट म्हणून शहरं बघणारा एक अमेरिकन अभ्यासक होता, त्याने १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये मोठ्या इमारतींपुढच्या मोकळ्या जागांवर कॅमेरे लावून बघितलं की काही जागा भरलेल्या आणि काही ओस का असतात. लोक सांगायचे आम्हाला गर्दीपासून लांब बसायला आवडतं, आणि कॅमेऱ्यात दिसायचं की जिथे आधीच माणसं आहेत तिथेच जाऊन बसतायत, गप्पा मारायला थांबायचे तेही बाजूला होऊन नाही, ऐन रहदारीत. आणि त्याचा सगळ्यात गाजलेला शोध काय तर लोक तिथे बसतात जिथे बसायला जागा असते! हसू नको, एवढी साधी गोष्ट त्या इमारती बांधणाऱ्यांना सुचली नव्हती, आणि त्याच्या कामावरून १९७५ मध्ये न्यूयॉर्कने नियम बदलून अशा जागांमध्ये बसायची सोय करायला लावली.

तेव्हा विचारायचं असेल तर मत विचारू नको, घडलेलं विचार. ‘पाणपोई कशी असावी’ ऐवजी ‘आज घरून निघाल्यापासून पाणी कुठं कुठं प्यायलात?’ असं विचार. मग माणूस सांगतो, सकाळी एसटीत बसताना प्यायलो, मग बियाण्याच्या दुकानात जार होता तिथे घेतलं, इथे काही प्यायलो नाही. इथे का नाही हे लगेच विचारू नको, थोडा वेळ गप्प बस, बहुतेक वेळा पुढचं वाक्य तो स्वतःच बोलतो आणि तेच कामाचं असतं. पुण्याच्या मुलामुलींना हे गप्प बसणं जमत नाही असं माझं मत आहे, लगेच पुढची स्लाइड लावतात.

आता लाजेचं. तू वही घेऊन बाजूला उभी राहिलीस की तू तिथली राहत नाहीस, सरकारी होतेस, मग आधार कार्डं निघणारच, आणि आपल्याकडे कोणी बघतंय म्हटल्यावर माणूस जरा जास्तच नीट वागतो. शिकागोजवळ हॉथॉर्न इथे टेलिफोनचं सामान बनवणारा कारखाना होता, तिथे १९२४ पासून प्रयोग चालले, उजेड वाढवला की काम वाढतं का ते बघायला, आणि उजेड कमी केला तरी काम वाढलेलंच दिसलं, तर म्हणे कामगारांना आपल्यावर लक्ष आहे हे कळलं होतं म्हणून. त्या आकड्यांवर नंतर अभ्यासकांनी भरपूर वाद घातलेत, पण लक्ष आहे म्हटल्यावर माणूस बदलतो हे तुला तुझ्याच बाजारात दिसलंय. याच्यावर उपाय लपणं नाही, लपलीस तरच ती पाळत होते. उपाय म्हणजे तिथे काहीतरी काम धर. रांजण कोण भरतं ते शोध, आणि त्यांना सांग मी रोज दोन तास तुमच्या हाताखाली आहे, कॉलेजचं काम आहे. रांजण धुवायला लाग, फडकं पिळ, लोकांना पाणी दे. ओगराळं हातात असलेल्या मुलीकडे कोणी संशयाने बघत नाही, आणि ग्लास घेणाऱ्याचा हात, नजर, कुठे थांबतो, बॅग कुठे ठेवतो, सगळं तुला हातभर अंतरावरून दिसतं. लिहायचं नंतर, सावलीत बसून, पण त्याच दिवशी, झोपेपर्यंत थांबू नको.

आणि आजीने ‘कोनाची व तू’ विचारलं तर अडवलं असं समजू नको, ओळख लावून घेतल्याशिवाय आपल्या भागात कोणी कोणाशी बोलतच नाही. सांग अमक्याची नात, तमक्या गल्लीतली, पुण्याला शिकते, लोक पाणी कसं पितात ते बघतेय. हसतील, हसू दे. पण एक गोष्ट मनात पक्की ठेव, त्या ओळखीने काही दारं उघडतात तशी काही बंदही होतात. तुझं आडनाव कळल्यावर कोण मोकळं बोलतं आणि कोण नुसतं ‘हो ताई’ करतं ते बघ, कारण पाण्याची गोष्ट आपल्या समाजात कधीच नुसती तहानेची नव्हती. १९२७ मध्ये महाडला तळ्यातलं ओंजळभर पाणी घ्यायला बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, आणि घटनेच्या १५ व्या कलमात विहिरी आणि तलाव मुद्दाम नाव घेऊन लिहावे लागले. वरून पाणी पिण्याच्या आपल्या सवयीत स्वच्छताही आहे आणि उष्ट्या-विटाळाचा जुना हिशोबही आहे, दोन्ही एकाच घोटात, वेगळे काढायला गेलीस तर निघणार नाहीत. म्हणून पाणपोईशी उभं राहून कोणाला जात विचारू नको. पण शेतावर मजुराचा ग्लास वेगळ्या खुंटीला असतो का, कोणत्या वस्तीतली माणसं इथपर्यंत येऊनही ओंजळच पुढे करतात, हे दिसलं तर डोळे झाकूही नको, लिही, फक्त गावाचं आणि माणसाचं नाव बदलून. दुसऱ्या वस्तीत जायचं तर आशाताईंना किंवा अंगणवाडीच्या ताईंना बरोबर घे, त्यांना घरोघरचं माहीत असतं.

रांजण भरणाऱ्याकडे परत येते, कारण तुझ्या स्टीलच्या युनिटचं खरं घोडं तिथे अडलंय. पाणपोई उभी कोण करतं? वर पाटी बघ, ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. कुणाचा बाप गेलेला असतो, कुणाची आई, आणि आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने घागर भरतात हे तुला मी काय सांगायचं, तुझ्या घरीही भरली असेल. म्हणजे तहानलेल्याला पाणी पाजणं हे गेलेल्या माणसाला पोचतं अशी ती समजूत आहे, आणि त्या समजुतीवर उन्हाळाभर रांजण भरले जातात, नगरपालिकेच्या निविदेवर नाही. आता तुझ्या ड्रॉइंगमध्ये सेन्सर आहे, सोलर आहे, पण नावाची पाटी लावायला जागा आहे का? नसेल तर पैसे कोण देणार? आणि सेन्सर बिघडल्यावर मे महिन्यात तो दुरुस्त करायला कोण येणार? रोज सकाळी घरून निघून रांजण भरणारा जो म्हातारा आहे ना, तोही तुझा युजर आहे, पिणाऱ्यापेक्षा मोठा, कारण पिणारा दोन मिनिटं असतो आणि हा रोजचा. त्याची कंबर किती वाकते, हंडा कुठून आणतो, वाळू का घालतो रांजणाखाली, किती दिवसांनी आतून घासतो, हे विचार त्याला. मला वाटतं तुझ्या प्रोजेक्टचा अर्धा भाग त्या माणसाकडे पडलेला आहे.

आता बायकांचं, आणि हे मुलगी म्हणून तुला दिसेल, वर्गातल्या मुलाला कदाचित दिसणार नाही. पाणपोईशी उभी राहून बाया आणि बाप्ये वेगवेगळे मोज, किती आले आणि किती नुसते शेजारून गेले. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, खेड्यांवरून बाजाराला एकट्या-दुकट्या येणाऱ्या बाया तुला स्टँडवर दिसतील, त्यांच्याजवळ बस, आणि सकाळपासून किती पाणी प्यायलात विचार. बऱ्याच जणी सांगतील की प्यायलेच नाही, कारण प्यायलं की मग जायचं कुठे? बाजारात बायकांसाठी मुतारी आहे का, असली तर उघडी असते का, पाणी असतं का तिथे? मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ नावाची मोहीमच चालली यावरून, तिथेही प्रश्न हाच होता, इथे फक्त त्याच्यावर आपलं ऊन आहे. एखादी बाई ४५ च्या पाऱ्यात दिवसभर घोट-घोट पाण्यावर काढत असेल तर तिच्या तहानेचं उत्तर पाणपोईत नाहीच, पाणपोई कितीही चकचकीत कर. हे तुझ्या मोजणीतून निघालं तर विषय बदलायला घाबरू नको, सरांना सांग की मी पाणी बघायला गेले आणि मला संडासाचं कुलूप दिसलं. (सर खूश होतील बघ, ही मंडळी इनसाइट म्हणतात ती हीच.) पण निघालं तर हं, मी सांगितलं म्हणून आधीच ठरवून जाऊ नको, तुझ्या बाजारात वेगळंच काही असेल.

बघितलेल्यातून आयडिया कशी निघते हा तुझा खरा प्रश्न, त्याला सरळ उत्तर देते. आयडिया तुझ्या डोक्यातून काढायचीच नाहीये, लोकांनी आधीच काहीतरी करून ठेवलेलं असतं ते शोधायचं. ग्लास चोरीला जातो म्हणून कुणीतरी साखळी लावलेली असते. नळाला फडकं बांधलेलं असतं. तुझ्याच तालुक्यात केळी कापायला जाणारे मजूर प्लास्टिकच्या कॅनला पोतं गुंडाळून ते ओलं ठेवतात, कारण मे महिन्यात आपली हवा एवढी कोरडी की ओल्या पोत्यातलं पाणी भराभर उडतं आणि आतलं गार होतं, मातीच्या रांजणाचंही तेच चालतं, मुंबईच्या दमट हवेत तोच माठ असा गार करत नाही. तुझ्या स्टीलच्या टाकीवर दुपारचं ऊन पडलं तर त्यात चहा होईल, तेव्हा त्या पोत्याकडे नीट बघ, ते कुणी शिवलंय, कुठून फाटतं, किती वेळाने भिजवावं लागतं. प्रत्येक जुगाडात एक अडचण असते आणि तिचं अर्धं उत्तरही असतं, तुला उरलेलं अर्धं करायचंय. फर्स्ट इयरला तुम्हाला चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर नवरा-बायकोंचं सांगितलं असेलच, १९५८ मध्ये त्यांनी भारत फिरून सरकारला अहवाल दिला, ज्याच्यातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची एनआयडी, म्हणजे डिझाइन शिकवणारी राष्ट्रीय संस्था, उभी राहिली, आणि त्यात त्यांनी कौतुक कशाचं केलं तर आपल्या लोट्याचं, जो कुण्या एका डिझायनरने काढलेला नाही, पिढ्यान् पिढ्या धरून-ओतून-घासून तसा झालाय. आणि जयपूर फूट, तो कृत्रिम पाय. १९६८ च्या सुमाराला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉक्टर प्रमोद करण सेठी यांनी तो पाय बनवला, कारण बाहेरून आलेला कृत्रिम पाय बुटात घालायचा होता आणि आपला माणूस अनवाणी शेतात जातो, उकिडवा बसतो, जेवायला मांडी घालतो. लोक बसतात कसे हे नीट बघितलं म्हणून पाय वळायला लागला. ‘तुम्हाला कसा पाय हवा’ असा फॉर्म भरून घेतला असता तर सगळ्यांनी ‘मजबूत’ लिहिलं असतं.

वहीचं एवढंच सांगते की पानाच्या मधोमध रेघ मार. डावीकडे फक्त जे दिसलं ते, ‘बाई आली, ग्लास उचलला, आत बघितलं, ठेवला, गेली’. उजवीकडे तुला काय वाटलं ते, ‘घाण वाटली असेल’. ही दोन एकत्र झाली की संपलं, कारण ग्लास उलटा ठेवायची तिच्या घरची रीत असेल, किंवा तिचा मुलगा लांबून हाक मारत असेल, तुला काय माहीत. आणि घरी गेल्यावर एकेक निरीक्षण वेगळ्या चिठ्ठीवर उतरवून त्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे करताना ‘स्वच्छता’, ‘गारवा’, ‘सोय’ अशी एकेका शब्दाची लेबलं लावू नको, त्यातून परत स्टीलचं युनिटच निघेल. पूर्ण वाक्य लिही, ‘दुसऱ्याने विसळलेल्या ग्लासावर माणूस विश्वास ठेवत नाही, स्वतः विसळल्यावर ठेवतो’. बघ, या एका वाक्यातून काय काय निघतं, विसळायला वेगळा बारीक नळ, विसळलेलं पाणी वाया न जाता शेजारच्या कडुनिंबाच्या रोपाला किंवा गुरांच्या टाक्यात जाईल असा उतार, पिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ग्लास धुतला जाईल अशी जागा. सेन्सरने हात न लावता पाणी येईल हे तुला वाटत होतं, पण कदाचित त्या माणसाला हात लावायचाच असेल, स्वतःच्या हाताने धुवायचं असेल. बोलणं आणि वागणं जिथे जुळत नाही त्या चिठ्ठ्या वेगळ्या ठेव, ‘इथलं पाणी खराब’ म्हणून दोन ग्लास पिऊन गेलेला माणूस भेटेलच तुला, त्याला सोडू नको.

मग लगेच थ्रीडी मॉडेल करायला बसू नको. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून लांब दांड्याचं, वेगळ्या तोंडाचं ओगराळं करून घे, पुठ्ठ्याचा उतार कर, दोरीने बांध, पाणपोईवाल्याची परवानगी घेऊन एक दिवस तिथे ठेव आणि लोक त्याचं काय करतात बघ. बहुतेक ते भलतंच काहीतरी करतील. त्यांना समजावून सांगू नको कसं वापरायचं ते, जे करतील तेच लिहून घे. बाजाराच्या दिवशी आणि बिनबाजाराच्या दिवशी दोन्ही वेळा कर, सकाळी आणि भर दुपारी, माणसं वेगळी असतात.

फोटोचं कडक सांगते, विचारल्याशिवाय काढायचा नाही, मुलांचा तर नाहीच, आणि पाणी पिताना मान वर केलेल्या, पदर सरकलेल्या बाईचा कोणी हो म्हटलं तरी काढू नको. चित्र काढ, तुम्हाला शिकवलंय ना ते, हात आणि ग्लास पुरतो. आणि वहीच्या पानांचे रोजच्या रोज फोनवर फोटो काढून कुठेतरी चढवून ठेव. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरकडच्या एका खेड्यात १९४८ मध्ये राहून केलेल्या कामाच्या, नंतर नीट लावलेल्या नोट्स १९७० मध्ये अमेरिकेत एका आगीत जळाल्या, आणि मग त्यांनी त्या गावावरचं पुस्तक आठवणीतून लिहिलं. ते श्रीनिवास होते, गावात राहिलेले होते, म्हणून जमलं.

राहिलं वेळेचं. ज्यूरी जुलैत असली तरी तुझ्याकडे जुलैपर्यंत वेळ नाहीये, पाऊस आला की रांजण पालथे घालतात आणि बघायला काही उरत नाही, म्हणून बघणं मृग लागायच्या आत उरकून घे, चिठ्ठ्या लावणं, वाक्यं लिहिणं पुण्याला गेल्यावरही होईल. दुपारी जाशील तेव्हा डोक्याला रुमाल बांध, आणि स्वतः पाणी पीत राहा, पाणपोईचंच पी, बाटली घरी ठेव.